उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या सुमारे चाळीस दिवसांत, चर्चच्या जेवणात मासे कसे चालतात?

चालतात, कारण या काळातल्या शुक्रवारी पाळायचा कॅथलिक नियम मांसाचा आहे, माशाचा नाही. कोंबडी, बकरा, डुक्कर वर्ज्य; मासे, अंडी, दूध चालतं. 14 वर्षं पूर्ण झालेल्यांना हा नियम लागू. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस कडक: 18 ते 59 वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं.

आता खरी गोम. युरोपात मासा म्हणजे साधं जेवण असेल, पण वसई-उत्तनच्या कोळ्याला रोजच मासा! त्याने शुक्रवारी मटण सोडलं तर त्यात त्याग कसला? म्हणून क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना) झाल्यावर धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या वस्तीत, एकत्र जेवण ठेवायचं असेल, तर माझ्या मते सुक्या बोंबलाचं कालवण नि भात पुरे. उत्तनला बोंबील उन्हात वाळत असतात, तेव्हा तुटवडाही नाही. तळलेलं पापलेट आणि कोळंबीचं भुजणं नियमात बसतं, पण मग ती मेजवानीच झाली की. वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यावेत. प्रार्थना आणि उपवासाइतकंच दानालाही या काळात महत्त्व आहे.

शाकाहारी पाहुणे असतील तर वालाची उसळ करा.