एका घरातून दोन शाळा

‘ताई, नवऱ्याची तीन वर्षांसाठी परदेशी बदली झालीय. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. नवरा म्हणतो, दोघांनाही इंटरनॅशनल शाळेत घालू, फी कंपनी देतेय. मला वाटतं, तिथल्या साध्या सरकारी शाळेत गेली तर भाषा शिकतील, शेजारपाजारची मुलं ओळखीची होतील. रोज जेवताना हाच वाद. कोणाचं बरोबर?’

दोघांचंही. पण एकेका मुलापुरतंच! तुम्ही दोघं ‘मुलांची शाळा’ असं एका दमात म्हणताय, तिथेच घोळ आहे. तेरा आणि सहा ही वयं शाळेच्या हिशेबात एका घरातली नव्हेतच.

आधी मुलीचं बघू. तीन वर्षांनी ती १६ ची होईल. केंब्रिजचा आयजीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीचा अभ्यासक्रम, साधारण १४ ते १६ या वयातला. तो पुरा करून परतलात तर गाडी सांधा बदलून पुढे जाते. आयबी डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, मात्र त्यानंतरचा, दोन वर्षांचा, सहा विषयांचा. तो अर्ध्यावर टाकून दुसऱ्या बोर्डात शिरणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून नवऱ्याला माझा एकच प्रश्न: करार वर्षभराने वाढला तर? तेव्हा ती १७ ची, बरोबर मध्यावर अडकलेली. मुदत वाढली तरी फी कंपनीच देणार का, दोघांची देणार का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनं साहेबाबरोबरच बदलून जातात.

आणि या वयात तिला सर्वस्वी नव्या भाषेत भौतिकशास्त्र शिकायला लावू नका. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने हे फार पूर्वी दाखवून दिलंय, की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. तिच्याकडे आहेत तीन. तेव्हा मुलीपुरता नवऱ्याचा मुद्दा मान्य करा.

धाकट्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची. तुम्ही देशाचं नाव लिहिलं नाहीत, आणि ते कळल्याशिवाय पुढचं सांगणं अवघड. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. नेदरलँड्समध्ये हे १२ व्या वर्षाच्या सुमारास होतं. तीन वर्षांत परतणार असाल तर याची झळ त्याला लागणार नाही, मुक्काम लांबला तर लागेल. इंग्लंडमध्ये बऱ्याच सरकारी शाळा घर किती जवळ आहे यावर प्रवेश देतात, म्हणजे तिथे आधी शाळा बघायची, मग घर. शिवाय ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं, युरोपात बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरात. पोहोचण्याची तारीख ठरवताना हे धरा.

एक मात्र आधीच सांगते, म्हणजे घाबरणार नाही. माझा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही असेच गेलो होतो. पहिले चार महिने तो वर्गात चकार शब्द बोलला नाही. शिक्षिकेने बाकावर दोन कार्डं ठेवली होती, हिरवं म्हणजे ‘समजलं’, लाल म्हणजे ‘नाही’. लालचे कोपरे पार मऊ पडले. मी रोज मनातल्या मनात परतीचं तिकीट काढायची. मग एका रात्री झोपेत तो त्या परक्या भाषेत तावातावाने कोणाशी तरी भांडला: ‘आता माझी पाळी आहे!’ मी अंथरुणात उठून बसले आणि हसत सुटले. फक्त मराठी लिहिणं-वाचणं त्या काळात घरी सोडू नका. आम्ही सोडलं होतं, परतल्यावर ते भरून काढताना नाकी नऊ आले.

सकाळी दोन दिशांना पळापळ होईल, हे खरं. दोघांच्या सुट्ट्याही जुळणार नाहीत. तेवढं सोसा.

नवरा घर बघायला पुढे जाणार असेल तर त्याला शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभं राहायला सांगा. माहितीपत्रकात सगळीच मुलं हसतात. फाटकातून बाहेर पडताना ती एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात, कोणी एकटंच भिंतीकडेने चालतंय का, ते बघू दे. आणि इंटरनॅशनल शाळेला जरूर विचारा, की दर वर्षी किती मुलं शाळा सोडून जातात. तिथे आईवडिलांच्या बदल्या होतच राहतात. जिवलग मैत्रीण जूनमध्ये निघून गेली की तेरा वर्षांच्या मुलीचं काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको.

तुमच्या दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. शाळेशी व्हिडिओवर बोलाल तेव्हा तिला शेजारी बसवा, आणि पहिला प्रश्न तिलाच विचारू द्या.