सीकमची घाई

इंदूर

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी (स्कोप) घालून मोठं आतडं तपासताना, वाट उघडायला हवा, कार्बन डायऑक्साइड की पाणी, असं तू विचारलंस आणि सोबत सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाला, स्कोप किती मिनिटांत पोचतो त्याचा हिशेबही पाठवलास. तो हिशेब सध्या बाजूला ठेव.

कोलोनोस्कोपीत दुखतं ते आतडं ताणलं गेल्यामुळे. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी काढलेला छोटा तुकडा, घेतलेली रुग्णाला कळतही नाही. पण सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाच्या वरच्या वळणदार भागात, स्कोपचा लूप (वेटोळं) झाला, मेसेंटरी (आतडं धरून ठेवणारा पडदा) ओढली गेली की तो कळवळतो. हवा भरल्यावर आतडं फुगतं, लांबतं आणि त्याची वळणं जास्त अवघड होतात. पुढचं दिसावं म्हणून तू हवा सोडतोस आणि त्यातूनच पुढच्या लूपची तयारी होते.

कार्बन डायऑक्साइड रक्तात झपाट्याने शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो. त्यामुळे तपासणीनंतर पोट फुगून राहत नाही. खरा फायदा हाच, नंतरचा. आत जाताना लूप व्हायचा तो होतोच. दम्याचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असेल तर मात्र जपून वापर.

पाण्याच्या दोन पद्धती आहेत आणि तुम्ही मुलं त्यांची सरमिसळ करता. एकीत जाताना पाणी भरायचं आणि बहुतेक परतताना शोषायचं. दुसरी वॉटर एक्स्चेंज. तिच्यात गॅस पूर्ण बंद, समोर हवेचा बुडबुडा दिसला की तो ओढून घ्यायचा, जातानाच गढूळ पाणी काढून स्वच्छ पाणी सोडायचं. डाव्या कुशीवर निजलेल्या रुग्णात पाणी आपल्या वजनाने डाव्या बाजूला उतरतं, आतडं न फुगता वाट उघडते. तुलनात्मक चाचण्यांत आत जाताना सर्वांत कमी दुखलं ते याच पद्धतीत, शिवाय धुतलेल्या आतड्यात अ‍ॅडिनोमाही (पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी) जास्त सापडले. सीकमला पोचायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

आपल्याकडे देवास-धारहून सकाळच्या बसने एकटाच आलेला माणूस असतो. सोबत कुणी नसताना भूल देऊन त्याला संध्याकाळी परत कसं पाठवणार? अशांसाठी मी एक्स्चेंजच निवडीन. भूल दिलेल्या रुग्णात, यादी लांब असताना, कार्बन डायऑक्साइडवर काम केलंस तरी माझी तक्रार नाही. साध्या हवेची बाजू मात्र मी घेणार नाही.

पण हात कच्चा असेल तर पाणीही वाचवणार नाही. स्कोप सरळ असेल तर आत गेलेली लांबी स्प्लेनिक फ्लेक्शरपाशी (प्लीहेजवळच्या वळणाशी) साधारण 50 सेंटीमीटर आणि सीकममध्ये 70 ते 80 दिसायला हवी. शंभरच्या पुढे गेलास तर लूप आहेच. ढकलू नकोस, घड्याळाच्या दिशेने पीळ देत मागे ओढ. मग सहायकाला पोटावर दाब द्यायला सांग, रुग्णाला उताणं कर, उजव्या कुशीवर वळव. कूस बदलायला पैसे पडत नाहीत, तरी लोक ती शेवटी का आठवतात कोण जाणे. गर्भाशय काढलेल्या सडपातळ बाईंमध्ये सिग्मॉइड चिकटून वाकलेला असतो. तिथे लहान मुलांचा बारीक स्कोप आधीच मागवून ठेव.

आणि चेहऱ्यापेक्षा मुठीकडे बघ. रामबागेतल्या आजी ‘होऊ दे रे बाळा, काही नाही’ म्हणत राहतात आणि चादर मुठीत आवळून धरतात.

तयारीचं तोंडी समजावून सांग, छापील कागदावर सोडू नकोस. ‘हलकं खा’ म्हटलं की इंदुरी माणूस पोहे खातो, वर शेव आणि डाळिंबाचे दाणे. ते दाणे सक्शनमध्ये अडकले की एक्स्चेंज तिथेच थांबतं. औषधाचा अर्धा डोस आदल्या संध्याकाळी, अर्धा तपासणीच्या दिवशी पहाटे.

घड्याळ लावायचंच तर परतताना लाव, स्कोप हळूहळू बाहेर काढत आतडं बघताना. सहा मिनिटं हा जुना किमान दंडक, अमेरिकन संस्थांनी 2024 मध्ये सरासरी आठ सांगितली. जाताना वाचवलेली मिनिटं तिथे खर्च कर.

पाणी कोमट ठेव, जानेवारीत तर आठवणीने. गार पाण्याने आतडं आखडतं आणि आपण उगाच लूपला दोष देत बसतो.

तुझा,
सर