वाचक विचारतात: कॉमिक्सवाल्यांना त्यात एवढं दिसतं तरी काय?

मागच्या अंकात म्हटलं होतं की कॉमिक्सबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर महाडपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, दोन-तीन व्हॉइस नोट पण आल्या (त्या नका पाठवू हो, मागे वारा आणि कोंबडा, प्रश्न कुठाय तेच कळत नाही). सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, त्यातले हे पाच घेतलेत.

प्रश्न: मुलगा आठवीत आहे. सुट्टी लागली की मांगा (जपानी कॉमिक्स) नाहीतर जुनी कॉमिक्स घेऊन पडवीत लोळत असतो. सासूबाई म्हणतात, "चित्रां बघता, वाचता खंय तो?" मलाही कधीकधी तसंच वाटतं. याला वाचन म्हणायचं का? (एक आई, देवगड)

म्हणायचं ताई, बिनधास्त म्हणायचं. एक काम करा, पोराकडे वेताळचं (इंग्रजीतला फँटम) एखादं कॉमिक असेल तर मारामारीचं पान उघडून बघा. एका चौकटीत वेताळची मूठ मागे गेलेली, पुढच्या चौकटीत गुंड टेबलासकट आडवा आणि त्याच्या जबड्यावर कवटीचा ठसा. आता मधला ठोसा शोधा. नाहीच आहे तो, चित्रकाराने काढलेलाच नाही! तो तुमच्या पोराने मारलाय, दोन चौकटींच्या मधे जी काडीएवढी पांढरी पट्टी असते ना, तिथे. स्कॉट मॅक्लाऊड नावाच्या चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्स कसं चालतं हे समजावणारं एक अख्खं पुस्तक कॉमिकमधेच काढलं, त्यात त्याने याच पट्टीवर सगळा जोर दिलाय, की गोष्ट चौकटीत दिसते पण घडते मात्र मधल्या मोकळ्या जागेत, वाचणाऱ्याच्या डोक्यात. सिनेमात ठोसा तुम्हाला दाखवतात, कादंबरीत त्याचं वर्णन करतात, इथे अर्धं काम वाचणाऱ्यावर टाकलेलं असतं आणि कॉमिक्सवाल्यांना जी चटक लागते ती ह्याच कामाची.

दुसरं म्हणजे वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो. एका चौकटीवर दहा मिनिटं थांबा कोणी ओरडत नाही, आणि फॅन लोक थांबतातच, कारण मागे गर्दीत कुठेतरी एक कुत्रा मासळी पळवतोय, दुकानाच्या पाटीवर काहीतरी चावट लिहिलंय, हे सगळं तिसऱ्या-चौथ्या वाचनात सापडतं. ॲस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिकचे फॅन तर ह्यावरच जगतात. टिनटिन आधी साप्ताहिकातून पानापानाने यायचा, त्यामुळे त्याचा चित्रकार एर्जे पानाच्या शेवटच्या चौकटीत हमखास काहीतरी अडकवून ठेवायचा, दार उघडतंय, कोणीतरी दचकलंय, आणि कोण ते पुढच्या आठवड्यात. आज पुस्तकात एका दमात वाचताना पण तो हिसका बसतोच.

आणि सासूबाईंना म्हणावं, चित्रं बघत गोष्ट ऐकायची पद्धत काही परदेशातून आलेली नाही, आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर लोकांची चित्रकथी आहेच की. एकेका आख्यानाची चित्रांची चळत असते, तिला पोथी म्हणतात, त्यातलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची, चित्र बदललं की प्रसंग बदलला. ही कला टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे दोन चित्रांमधली गोष्ट गाणारा सांगतो, कॉमिक्समधे तो गाणारा नाही म्हणून तुमचं पोरगं ती मनातल्या मनात सांगतं, एवढाच काय तो फरक.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात तेवढं लक्षात ठेवून एक दिवस त्याच्याकडून एक पान समजून घ्या, बघा किती बोलतो ते. आणि 'वन पीस' लावून बसला असेल तर मात्र धीर धरा, ते १९९७ पासून चालू आहे आणि अजून संपायचंय. मार्कांचा विषय वेगळा, तो इथे नको.

प्रश्न: २०२१ च्या पुरात पेटी माळ्यावर होती म्हणून बाबांची मराठी इंद्रजाल कॉमिक्स वाचली. आता त्यांना कुबट वास येतो, पिना गंजल्यात, कडा पिवळ्या पडल्यात. कशी टिकवायची? आणि विकली तर किती येतील? (चिपळूण)

पुरातून वाचली म्हणजे नशीबवान आहात, पण आपल्याकडे कागदाचा खरा वैरी पूर नाही, नेहमीची दमट हवा आणि कसर. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, म्हणजे तुमचा सगळ्यात नवा अंक पण पस्तिशी ओलांडलेला आहे. कागद स्वस्तातला होता, असा कागद उजेड आणि हवा लागली की पिवळा पडणारच, गेलेला पांढरेपणा परत येत नाही, तेव्हा पुसायला, ब्लीच करायला जाऊ नका.

गंजलेल्या पिना आधी काढा, पण ओढून नाही, मागची टोकं बोथट सुरीने हळू सरळ करून मग. पानं सुटी झाली तरी चालतील, पण सेलोटेप लावायची नाही म्हणजे नाही, चार वर्षांत तिचा तपकिरी डाग पडतो आणि तो कुणाच्या बापाला निघत नाही. लॅमिनेशन पण नको. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत अंक पंख्याखाली सावलीत उघडून ठेवा, थेट उन्हात नको. बुरशी असेल तर अंक खळ्यात नेऊन मऊ ब्रशने झटका, तोंडाला मास्क लावून. मग पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत, मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा देऊन, उभे ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. पेटी जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, ओल तिथूनच चढते. कधी अंक भिजलेच आणि वाळवायला वेळ नसेल तर पिशवीत घालून चक्क फ्रीजरमधे टाका, घरचे हसतील, हसू देत. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, ती तिथे थांबते, आणि मग सवडीने वाळवता येतं. गुळगुळीत कव्हरं ओली असताना एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत, वाळली की सुटत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर आकडा मी सांगत नाही, कव्हर शाबूत आहे का, पानं पूर्ण आहेत का, समोरच्याला नेमका तोच अंक हवाय का, सगळं त्यावर. मला विचाराल तर बाबांना विचारल्याशिवाय विकू नका. इंद्रजालमधल्या वेताळची ती जबड्यावरची कवटी आणि त्याचं 'चालतं-फिरतं भूत' हे नाव आरवलीच्या वेतोबाला चपला वाहणाऱ्या मुलखात वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं, त्या पिढीचा जीव आहे त्यात.

प्रश्न: मी सावंतवाडीत बीएस्सीला आहे. इथे कॉमिक्स वाचणारा मी एकटाच असं वाटतं. मुंबईला कॉमिक कॉनला (कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्याला) जायचं तर गाडी, राहणं, तिकीट धरून बराच खर्च आहे. वर्थ आहे का? लोक तिथे नक्की करतात काय?

भावा, आधी एकटेपणाचं बोलू. कॉमिक्सवाल्यांची जमात मुळात एकट्या-एकट्या लोकांनी पत्रं लिहूनच तयार झालीय. अमेरिकेत १९६० च्या आसपास संपादक ज्युलियस श्वार्ट्झने वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली, झालं, लांबलांबच्या गावातली पोरं एकमेकांना थेट लिहायला लागली, त्यातूनच १९६१ मधे 'ऑल्टर इगो' नावाचं फॅन लोकांचं नियतकालिक निघालं. आपल्याकडे अनंत पैंनी १९८० ला 'टिंकल' काढलं तेव्हा वाचकांकडून गोष्टी मागवल्या, आणि सुप्पंडी, ज्याला आपण सगळे ओळखतो, तो तामिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून आलाय, चित्रं राम वाईरकरांची. म्हणजे पोस्टात पाकीट टाकणारा वाचक आणि घरोघरी पोचलेलं पात्र यांच्यात एवढंच अंतर होतं. क्रिकेटचा फॅन उद्या टीममधे जाऊन खेळणार नाही, कॉमिक्सचा फॅन मात्र पेन उचलतो आणि लागतो काढायला, वाईट काढतो तरी काढतो, ही गोष्ट मला फार आवडते.

ह्याचं टोक बघायचं तर टोकियोचं कोमिकेत, म्हणजे फॅन लोकांच्या कॉमिक्सचा बाजार. १९७५ साली ३२ गट आणि साधारण ७०० माणसांवर सुरू झालं, आता वर्षातून दोनदा भरतं आणि लाखांनी लोक येतात. तिथे विकलं जातं ते बरंचसं फॅन लोकांनी स्वतः काढून स्वतः छापलेलं. आणि त्यांचा नियम असा की तिथे गिऱ्हाईक कोणी नाही, विकणारा, घेणारा, रांग सांभाळणारा, सगळे सहभागीच.

आपलं कॉमिक कॉन २०११ ला दिल्लीत सुरू झालं. खरं सांगतो, तिथे निम्मी गर्दी फोटोसाठी, टी-शर्टसाठी आणि सिनेमावाल्यांसाठी असते, कॉस्प्ले, म्हणजे पात्रांची सोंगं, बघायला मजा येते, महिनोन्महिने खपून पुठ्ठ्याचं चिलखत बनवलेलं असतं, पण एका तासाने तू दमशील. तेव्हा सकाळी गर्दी व्हायच्या आत चित्रकारांची टेबलं असतात तिकडे सरळ जा. स्वतः छापलेलं पातळसं कॉमिक घेऊन माणूस समोर बसलेला असतो, विचार त्याला, हे पान असं का काढलं, इथे आकाश काळं का केलं. तो सांगतो, नुसतं सांगत नाही, मागच्या कागदावर काढून दाखवतो. दुसऱ्या कुठल्या माध्यमात एवढ्या जवळून विचारता येतं मला माहीत नाही. मुंबईत नातेवाईकाकडे राहायची सोय असेल तर एकदा जाच, कर्ज काढून मात्र नको.

तोपर्यंत गावात शोध रे. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईची चाकरमानी भावंडं येतात त्यांच्या बॅगा उघडायला लाव, आमच्या पिढीत निम्मी कॉमिक्स त्याच वाटेने कोकणात आली, एसटीच्या टपावरून. आणि एकाचं कॉमिक दहा घरं फिरून कव्हर नसलेलं परत यायचं, शेवटचं पान कोणाकडे राहिलंय त्यावरून भांडणं, राज कॉमिक्सच्या हिरोंमधे नागराज भारी की ध्रुव त्यावरून भांडणं. ती भांडणं अजून मिटलेली नाहीत (ध्रुव. कुठलीही शक्ती नाही, नुसतं डोकं आणि मोटरसायकल. विषय संपला). लायब्ररीच्या बोर्डावर एक चिठ्ठी लाव, "जुनी कॉमिक्स अदलाबदल, रविवार संध्याकाळ", आणि स्वतःची पाच घेऊन बस. पहिल्या रविवारी बहुतेक कोणीतरी काकाच येतील, पोरं नंतर.

प्रश्न: निवृत्त शिक्षक आहे. आम्ही कॉमिक्स म्हणजे पोरांचा खेळ समजत आलो. या वयात सुरुवात करायची तर कुठून? (महाड)

गुरुजी, तुमच्या गावावरूनच करा. 'भीमायन' नावाचं चित्र-पुस्तक २०११ साली आलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावर, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यात पाण्याचा भाग आहे, शाळेत तहानलेला छोटा भीम आणि पुढे तुमचं १९२७ चं चवदार तळं. त्यात चौकटीच नाहीत, गोंड नक्षीच्या वळणांनी पान विभागलंय. आणि बोलण्याचे फुगे नीट बघा, मायेने बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, आणि विटाळाची भाषा करणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. शिपाई पोराला पाणी नाकारतो तिथे ती नांगी दिसते आणि वाक्य वाचायच्या आधीच कळतं की हे शब्द डसणार आहेत. हे नुसत्या अक्षरांत कसं करणार, सांगा.

त्यानंतर आर्ट स्पीगलमनचं 'माउस', वडिलांनी सांगितलेली नाझी छळछावणीची हकीकत, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं, १९९२ मधे त्याला पुलित्झरचं खास पारितोषिक मिळालं. जड आहे, रात्री नका वाचू. मधेमधे हलकं हवं तर १९९१ पासूनचा आपला चिंटू आहेच.

प्रश्न: ग्रुपवर जुन्या कॉमिक्सचे स्कॅन फिरतात. वाचणं चूक आहे का? (वेंगुर्ला)

कायद्याने विचाराल तर आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो, आणि वेताळवाला ली फॉक १९९९ मधे गेला, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. पण हे पण खरं की काही मराठी अंक आज कोणीतरी रात्री जागून स्कॅन केलेत म्हणूनच डोळ्यांना दिसतात. माझं आपलं असं आहे, जे दुकानात मिळतं ते विकतच घ्यायचं, आणि नवीन पोरांनी स्वतः छापलेलं तर फुकट मागायचं पण नाही, शंभर-दोनशेचा अंक असतो, पुढचा अंक त्यातूनच निघतो.