सासूबाई फिरायला का जात नाहीत?

प्रिय ताई,

माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच, साताऱ्यात असतात. मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज सकाळी मैत्रिणींबरोबर टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालून यायच्या. तीन महिन्यांची साखर ७ च्या आसपास असायची. आता घराबाहेरच पडत नाहीत आणि यंदा ती ९.१ आली. मी त्यांच्यासाठी सगळं करते. ज्वारीची भाकरी, मोजून भात, पावलं मोजणारं घड्याळसुद्धा आणलं. ते कपाटात पडून आहे. भजनी मंडळ सोडलं. भाचीच्या लग्नाला सोलापूरला आल्या नाहीत. कुठे निघायचं म्हटलं की सकाळपासून चहा-पाणी घेत नाहीत, तोंड पाडून बसतात. नातू त्यांच्याजवळ झोपायचा, त्यालाही आता 'तुझ्या खोलीत जा' म्हणतात. पोराला वाईट वाटतं. वर हट्ट एवढा, की घरात मशीन असून पहाटे पाचला उठून स्वतःचे कपडे आणि चादर हातानं धुतात. पाण्याची नासाडी आणि माझी झोपमोड. मी ३९ वर्षांची, शिक्षिका आहे, दोन मुलं आहेत. मिस्टरांनी त्यांना डॉक्टरांसमोर बसवून एकदा खडसावून सांगावं असं मला वाटतं. माझं काही चुकतंय का?

– थकलेली सून, सातारा

हो, चुकतंय. आणि मिस्टरांना आधी थांबव. डॉक्टरांसमोर कुणी कुणाला खडसावायचं नाही.

तुझ्या पत्रात साखरेचे आकडे आहेत, भाकरीचं पीठ आहे, घड्याळ आहे. आणि शेवटी, तक्रारीच्या ओघात, एक चादर आहे. सगळं घर झोपलेलं असताना, मशीन हाताशी असताना, सदुसष्ट वर्षांची बाई पहाटे पाचला थंड पाण्यात हात घालून आपली चादर का धुते, हा प्रश्न तुला पडला नाही. तुला वाया गेलेलं पाणी दिसलं.

त्यांना लघवी धरून ठेवता येत नाहीये. मी डॉक्टर नाही आणि त्यांना मी पाहिलेलं नाही, पण तू लिहिलेली एकेक गोष्ट त्या चादरीशेजारी ठेवून बघ. चढावर चालताना, खोकताना, शिंकताना गळतं, म्हणून चार भिंती बंद. भजनात तास-दीड तास मांडी घालून बसायचं आणि मग सगळ्यांसमोर उठायचं, पातळ मागून ओलं झालं असेल तर? म्हणून भजन बंद. सोलापूर म्हणजे एसटीत पाच-सहा तास, आणि मधल्या स्टँडवरची स्वच्छतागृहं कशी असतात ते तूही जाणतेस. निघायच्या दिवशी चहा-पाणी बंद, ते रुसून नव्हे. त्या तहानलेल्या बसलेल्या असतात आणि तुला ते तोंड पाडणं वाटतं. आणि नातू. रात्री त्याला ओल लागेल, वास येईल, सकाळी तो निरागसपणे तुला येऊन सांगेल. त्यापेक्षा त्यांनी त्याला दूर केलं. या घरात त्यांच्या अंगाला बिलगणारं तेवढंच एक माणूस असेल, आणि तेही त्यांनी सोडलं. मला तुझ्या सगळ्या पत्रात हे सर्वांत जड गेलं.

हे त्यांनी तुला का सांगितलं नाही, असं मनात येईल. कसं सांगणार? साखरेबद्दल बोलता येतं, गुडघ्याबद्दल तर चारचौघीत बोलता येतं. लघवी गळते हे वाक्य आपल्याकडच्या बाया आईला, बहिणीला, नवऱ्याला सांगत नाहीत. जुन्या पातळाच्या घड्या आत ठेवतात, पाणी तोडतात, लग्नकार्यं तोडतात, आणि म्हणतात, वय झालं. वयाचं यात काहीही नाही असं मी म्हणणार नाही. पण वय झालं म्हणजे इलाज संपला, हे साफ खोटं आहे.

नीट समजून घे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी, आतडं तिच्यावर तोललेलं असतं. बाळंतपणात ती ताणली जाते. वर्षानुवर्षं कुंथून शौचाला जाणं, जुना खोकला, वाढलेलं वजन यांनी आणखी सैल होते. पाळी गेल्यावर संप्रेरकं कमी होतात आणि तिथली त्वचा-स्नायू पातळ पडतात. मग खोकल्या-हसल्यासरशी लघवी होते. दुसरा प्रकार म्हणजे घाईचा: अचानक जोराची लागते आणि संडासपर्यंत पोचेपर्यंत थांबत नाही. पुष्कळ जणींना दोन्ही असतं. काहींचं अंगच बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरते, आणि त्या तेही लपवून वर्षं काढतात.

यात साखरेचा हात मोठा आहे. रक्तात साखर वाढली की लघवी जास्त होते, जंतुसंसर्ग लवकर होतो. लघवी गळते म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून साखर वर, साखर वर म्हणून लघवी जास्त. तू भात मोजत राहिलीस आणि हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर फिरत राहिलं. गोळ्यांकडेही बघायला हवं. बीपीच्या काही गोळ्या मुळात लघवी वाढवणाऱ्या असतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात, म्हणजे तिथेही लघवी वाढतेच. यातली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. फक्त सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखव आणि हा त्रास सांगून विचार. वेळ बदलून किंवा गोळी बदलूनही फरक पडू शकतो.

आणि पाणी तोडणं आजच थांबायला हवं. पाणी कमी प्यालं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चुरचुरते, उलट जास्त वेळा लागते. बद्धकोष्ठ होतो आणि आतून दाब वाढतो. संध्याकाळनंतर थोडं कमी, चहा बेतानं, पण दिवसभर पाणी प्यायलाच हवं.

मला भीती वाटते ती रात्रीची. घाई लागली म्हणून अंधारात धडपडत उठणारी म्हातारी माणसं पडतात, खुबा मोडतो आणि मग अंथरूण धरतात. त्यांच्या खोलीपासून संडासपर्यंत रात्री दिवा राहू दे, वाटेतलं पायपुसणं काढ. याला कुणाची परवानगी लागत नाही, आज रात्रीच कर.

आता तुझ्याकडे येते. तुला दोन बाळंतपणं झाली आहेत. दिवसभर वर्गात उभी राहतेस, मधल्या सुट्टीपर्यंत लघवी रोखून धरतेस आणि बहुधा पाणीही कमी पितेस. शिंक आली की पाय जुळवतेस का? दोरीच्या उड्या मारायच्या म्हटलं की मागे राहतेस का? मला उत्तर नको, स्वतःला दे. बाळंतपणानंतर आपल्याकडे केवढं केलं जातं! शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, पोटाला पट्टा. पण सव्वा महिन्यानंतर लघवीवर ताबा आहे का, असं बाळंतिणीला कुणी विचारत नाही. तुझ्या सासूबाईंना त्यांच्या तिशीत कुणी विचारलं नाही. तुलाही विचारलं नसणार. तिशी-चाळिशीत सैल झालेली झोळी तेव्हाच आवळायला शिकलं, तर साठीत बऱ्याच जणींना हे दिवस बघावे लागणार नाहीत.

म्हणून एकच सांगते, तेवढंच कर. शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर घरी ये, मुलं खेळायला गेली की सासूबाईंजवळ बस. चादरीचं नाव काढू नकोस. 'मला सगळं कळलंय' असा आव तर मुळीच आणू नकोस. तुला स्वतःला जरा जरी त्रास असेल, तर आधी तुझं सांग: "आई, मला खोकला आला की थोडी लघवी होते. मी डॉक्टरबाईंकडे दाखवणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर याल का?" तुला त्रास नसेल तर खोटं बोलू नकोस, सरळ म्हण: "आई, या वयात पुष्कळ बायकांना लघवीचा त्रास होतो आणि त्यावर औषध आहे असं वाचलं. तुम्हाला होत असेल तर मी येते बरोबर, आपण दोघीच जाऊ." आणि गप्प बस. त्या नाही म्हणतील. दोन दिवसांनी पुन्हा विचार. तिसऱ्यांदा बहुतेक त्या आपणहून बोलतील.

मिस्टरांना यातलं काही सांगायचं नाही. ते मुलगा असले तरी नाही. कुणाला सांगायचं ते सासूबाई ठरवतील.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची वेळ घे, दोघींचे केसपेपर काढ. त्या तपासतील, लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू शोधायची चाचणी) सांगतील, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत बघतील. जाण्याआधी तीन दिवस किती पाणी प्यालं, कितीदा लघवी झाली, कधी गळली हे वहीत लिहून न्या. शिक्षिका आहेस, तुला हे जमेल. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम आहे, कीगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं तो १९४८ मध्ये मांडला. लघवी अर्ध्यात रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच अंक मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू, पोट आणि मांड्या सैल. लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही, ती रोखणं फक्त स्नायू ओळखण्यापुरतं. कित्येक बायका आवळण्याऐवजी जोर करतात, म्हणून पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. फरक दिसायला तीन महिने लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. घाईच्या त्रासाला दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेणं असतं, औषधं असतात. पाळी गेलेल्या बाईला आतून लावायचं मलम देतात. अंग बाहेर येत असेल तर रिंग बसवता येते. शस्त्रक्रिया सगळ्यांना लागत नाही. कुणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा पायांतली ताकद, मांड्यांमधली संवेदना कमी झाली, तर शनिवारची वाट बघू नकोस, लगेच दवाखान्यात ने.

तोपर्यंत औषधाच्या दुकानातून पॅडचा एक पुडा आण आणि काही न बोलता त्यांच्या कपाटात कपड्यांजवळ ठेव. घड्याळ तिथून उचल. चार भिंतीचं, पावलांचं, भाताचं नाव तीन महिने काढायचं नाही. साखर तेव्हा पुन्हा तपासायचीच आहे. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मला कळव, दोघींबद्दल.

– तुझी ताई