कला शाखेची मुलं खरंच जास्त फिट असतात का?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बी.ए.ची मुलं आमच्यापेक्षा फिट दिसतात. शाखेचा काही संबंध असतो का? (केगाव)

तुम्ही नेमकी कोणती मुलं पाहिलीत? सोलापुरात पार्क मैदानावर पहाटे घाम गाळणारी बी.ए.ची मुलं बहुधा पोलीस भरतीची असतात. पदवी हाताशी असावी म्हणून कला शाखेत नाव घातलंय, दिवसाचा खरा विषय भरतीतली १६०० मीटर धाव. त्यांना कला शाखेने फिट केलेलं नाही. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करणाऱ्यांचंही तेच, तिथे प्रवेशासाठीच मैदानी चाचणी द्यावी लागते. म्हणजे निवड आधी झाली, शाखा नंतर आली. तुमच्या वाट्याला प्रॅक्टिकल, सबमिशन आणि लॅपटॉपपुढची बैठक येते, फरक तिथे पडतो.

शिवाय 'फिट' म्हणजे काय, तेही ठरवा. दम, ताकद, लवचीकता, अंगावरची चरबी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जिममध्ये दंड कमावलेला तुमचा मित्र दोन फेऱ्यांत धापा टाकू शकतो. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली चाचणी सोपी आहे : १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता, ते मोजायचं. सवय नसेल तर आधी काही आठवडे भरभर चाला. दमा किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी नको. आकडा लिहून ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा पळा. बी.ए.वाल्याशी कशाला, स्वतःच्याच आकड्याशी तुलना करा.

प्रश्न : मी मेडिकलला आहे. दिवस वॉर्डात आणि अभ्यासिकेत जातो. पळायला गेलं तर लोक टक लावून बघतात. (मुलींच्या वसतिगृहातून)

वेळेचं आधी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं तरी हवीतच, ही जुनी अट २०२० मध्ये गेली. त्यामुळे लिफ्ट सोडून चढलेले जिनेही हिशेबात धरा.

टक लावून बघणाऱ्यांचा दोष तुम्ही अंगाला लावून घेऊ नका. वर्गातल्या दोघी-तिघी मिळून सकाळी कंबर तलावाकडे जा, नाहीतर गच्चीवर दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. पण मुलींनी गच्चीवरच का मावावं? मैदानात मुलींसाठी राखीव वेळ हवी, असा सह्यांचा अर्ज प्राचार्यांकडे द्याच. अभ्यासक्रम कोणताही असो, मुली व्यायामात मागे पडतात त्यात आळसापेक्षा जागेचा वाटा मोठा, असं माझं मत आहे.

प्रश्न : भरतीसाठी रोज डांबरी रस्त्यावर पळतो. आता नडगी दुखते. पळणं थांबवू का? (मोहोळ)

काही दिवस थांबवाच. अंतर एकदम वाढवलं असणार. दुखणं उतरलं की मातीच्या मैदानावर, थोड्या अंतरापासून, एक दिवसाआड सुरू करा. टाचा उचलून पोटऱ्या बळकट करा, झिजलेले बूट बदला. मात्र बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल किंवा झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा मलम चोळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : जिमवाले प्रोटीन पावडर घ्या म्हणतात. मेसचं जेवण पुरत नाही का? (बी.कॉम., सोलापूर)

बहुतेकांना नीट जेवलं तर पुरतं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर घट्ट डाळ, दही, चालत असतील तर अंडी घ्या. शेंगाचटणी जरूर खा, पण तिच्यावरच प्रथिनांचा कोटा भरायला गेलात तर तिखटाची जबाबदारी तुमची! शेंगदाण्यांत तेलही भरपूर असतं, वजन उतरवायचं असेल तर मूठभरच.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये कॉलेज सुटल्यावर चार वाजता पळालं तर चालेल? (बी.एस्सी.)

नाही. पारा चाळिशीपार असताना चारला रस्ताही तापलेला असतो. सूर्य वर येण्याआधी पळा. जमत नसेल तर त्या दिवशी घरात पंख्याखाली बैठका मारा.