नाव मध्यधारेत बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते

प्रश्न : नमस्कार दादा, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मेव्हण्याची चांदोदजवळ नर्मदाकाठी शेती आहे, तिथे आम्ही दोघांनी मिळून फायबरची होडी आणि १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, घेतलंय. वीस मिनिटं मस्त चालतं, मग हळूहळू ढेपाळतं आणि बंद, मग कितीही दोरी ओढा, हाताची सालं निघतात पण सुरू होत नाही. अर्धा तास थांबलं की पहिल्या झटक्यात चालू! कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लग बदलले, आता मेकॅनिक म्हणतो कॉइल बदला. बदलू का?

उत्तर : थांबा, खिशात हात घालू नका अजून. तुम्ही "हळूहळू ढेपाळतं" लिहिलंय ना, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच. कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, गेली की इंजिन बहुतेक वेळा बटण दाबल्यासारखं खट्‌कन बंद होतं. ढेपाळत ढेपाळत बंद पडतं ते बऱ्याचदा पेट्रोल कमी पडतं म्हणून.

टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो, तो बघा. नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून आपण तो घट्ट करतो आणि मग नदीवर उघडायचा राहतो, किंवा त्याच्या भोकात धूळ बसते. इंजिन पेट्रोल ओढत राहतं, वरून हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि एका क्षणी पेट्रोल येणंच थांबतं. अर्ध्या तासात फटीफटीतून हवा शिरते, म्हणून मग पहिल्या झटक्यात चालू, आणि आपल्याला वाटतं थंड झालं म्हणून चाललं.

तर पुढच्या वेळी बंद पडलं की दोरीला हात लावायच्या आधी नांगर टाका आणि पेट्रोलच्या पाइपमधला रबरी बल्ब (हाताने दाबायचा फुगा) दाबून बघा. चपटा झालाय? झाकण सैल करा, सुस्स आवाज आला की चोर सापडला. बल्ब कडक होईपर्यंत दाबा आणि चालू करा, चाललं तर कॉइल निर्दोष. सुस्स झालं नाही तरी बल्ब चपटाच असेल तर टाकीतली जाळी नाहीतर पाइप बघा, जुन्या पाइपचा आतला थर सुटून वाट अडवतो, बाहेरून काही दिसत नाही. आता आपलं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं झालंय, जुन्या रबराला ते सोसत नाही, त्यामुळे मी असतो तर पाइप सरळ बदलला असता.

बल्ब कडक असेल तरच स्पार्क बघायचा, आणि तोही इंजिन गरम असतानाच हं, थंड झाल्यावर बघून काही उपयोग नाही, मेकॅनिककडे पोचेपर्यंत ते शहाण्यासारखं वागायला लागतं. आधी किल स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करायच्या बटणाची, लाल दोरीची क्लिप नीट बसलीय ना ते तपासा. मग टाकी बंद करा, सांडलेलं पेट्रोल पुसा, प्लग काढून त्याच्या टोपीत बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, मेव्हण्यांना दोरी ओढायला सांगा. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, असं झालं तर मात्र कॉइल किंवा सीडीआयचा (ठिणगी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचा) डबा, तेव्हा खर्च करा.

एक गोष्ट आजच बघा, इंजिनमधून पाण्याची बारीक धार पडते ती जोरात आहे का. नर्मदेची वाळू जाऊन इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा, झिजतो, कधी प्लास्टिकची पिशवी पाण्याचं तोंड बंद करते. इंजिन तापूनही असंच ढेपाळतं आणि थंड झाल्यावर चालतं, पण तेव्हा पुन्हा पुन्हा चालू करत राहिलात तर पिस्टन आत अडकून जाम होतो.

आणि हो, वल्ही होडीत ठेवा, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, बाकाखाली नाही. चांदोद सरदार सरोवराच्या खालच्या अंगाला आहे, वरून पाणी सोडलं की ओढ बदलते आणि बंद इंजिनची होडी वाहत जाते. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या बडोद्याच्या हरणी तलावात होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, ते लिहितानासुद्धा हात जड होतो.

प्रश्न : आमच्या ह्यांनी पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं, आता इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं. (रावपुऱ्याहून एक ताई)

उत्तर : ताई, ते पेट्रोल वापरू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी तळाला बसतं. तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी, पाइप, कार्बोरेटरची वाटी सगळं रिकामं करा आणि ताजं पेट्रोल भरा, टू-स्ट्रोक असेल तर इंजिनच्या कंपनीने सांगितलेल्या मापानेच त्यात ऑइल मिसळा. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये चालवा, इंजिनला जोडलेला पेट्रोलचा पाइप सोडवा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब उरत नाही.