'फझी लॉजिक'ला 'संदिग्ध तर्क' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: मोबाइल टॉवरपर्यंत फायबर नेण्याच्या नियोजनावर मराठीत लिहिताना 'फझी लॉजिक'ला 'संदिग्ध तर्क' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते, नाही. ज्याचा अर्थ असा घ्यावा की तसा हे कळत नाही, ते संदिग्ध. संगणकशास्त्रज्ञ लोत्फी झादे यांनी १९६५ साली फझी लॉजिकचा पाया असलेले फझी संच मांडले, त्यात असा घोळ कुठेच नाही. एखादी गोष्ट संचात आहे किंवा नाही, एवढ्यावर न थांबता ती किती प्रमाणात आहे, हे त्यांनी ० ते १ मधल्या आकड्यानं सांगितलं. ओलसर, काळसर, कडवट म्हणताना आपण आकड्याविना तेच करतो.

समजा, एक टॉवर 'जवळ' या वर्णनात ०.७ इतका बसतो आणि त्यावरची डेटाची वाहतूक 'भरपूर'मध्ये ०.४ इतकी. नियम आहे: अंतर जवळ आणि वाहतूक भरपूर असेल, तर तिथे फायबर आधी टाका. 'आणि' आलं की झादेंच्या पद्धतीत दोहोंतला लहान आकडा घेतात, म्हणून हा नियम ०.४ इतकाच लागू होतो. 'किंवा' असतं तर ०.७. असे सगळे नियम एकत्र करून प्रत्येक टॉवरसाठी शेवटी एकच आकडा काढतात आणि कामाचा क्रम त्यावरून लावतात. यात संदिग्ध काय उरलं? (जवळ कशाला म्हणायचं, हे मात्र माणसंच ठरवतात. वाद घालायचा तर तिथे घालावा.)

'संभाव्य'ही नको. मागणी वाढण्याची शक्यता ०.७ असणं वेगळं आणि आजची मागणी ०.७ इतकी 'भरपूर' असणं वेगळं. 'धूसर' त्यातल्या त्यात बरा, पण तो दोष नजरेवर ढकलतो.

मला 'तरतम तर्क' पटतो. लघुतर, लघुतममधले तर आणि तम त्यात आयतेच आहेत. 'तारतम्य' त्याच घरातलं, पण ते आता 'पाचपोच'च्या अर्थानं रुळलंय, तेव्हा त्याला हात लावू नये.

मात्र त्याच मजकुरात सगळंच तरतम करू नका. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. टॉवरवरचं रेडिओ युनिट (लहरी पाठवणारं-घेणारं) आणि दूरचं बेसबँड युनिट (त्या सिग्नलवर प्रक्रिया करणारं) यांच्यात एका दिशेनं १०० मायक्रोसेकंदच चालणार असतील, तर मर्यादा साधारण २० किलोमीटरची. ती ओलांडणारा टॉवर 'जरा लांब' नव्हे, 'मर्यादेबाहेर' असंच लिहावं.